दोन बोटांएवढी जागा

मी एकदा एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं डोकं काही कारण नसताना पूर्ण भादरायला लावलं. केस कमरेपर्यंत होते. ही चूक करताना मी झोपेत नव्हते, घाईत नव्हते, कोणी मला फसवलेलंही नव्हतं. पूर्ण शुद्धीत, कडक इस्त्रीच्या गणवेशात, छातीवर इनचार्ज सिस्टरची पट्टी लावून मी ती चूक केली. वय बावन्न. गाढवपणाचं ऐन भराचं वय. विशीत माणूस चुकतं ते काही कळत नाही म्हणून. बावन्नाव्या वर्षी चुकतं ते आपल्याला सगळं कळतं म्हणून.

पण ही गोष्ट माझी नाही, राऊतमामांची आहे. मी तिच्यात आहे ती लग्नातल्या आत्याबाईंसारखी, गोंधळ घालण्यापुरती.

राऊतमामा आमच्या हॉस्पिटलचे न्हावी. ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात मेंदूच्या शस्त्रक्रिया होत, आणि मेंदूपर्यंत जायचं तर वाटेत आधी केस लागतात. मामांचं घर बाळकुमला, वागळे इस्टेटमध्ये दोन खुर्च्यांचं दुकान. वॉर्डातून फोन गेला की दुकान भावाच्या हवाली करून सायकलवरून येत. उंच, जरा वाकलेले, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. नव्या नर्सेस हसू दाबत विचारायच्या, "मामा, तुमचे कुठे गेले?" मामा सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "शिकताना वापरले. संपले."

त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर नाहीच. डोकी राहत, तीही मागून. "पुढून माणूस तोंड सांभाळतो," ते म्हणत, "मागून कोण सांभाळतो?" एकदा नौपाड्यात भाजी घेताना मी त्यांच्या शेजारीच उभी होते. पुढे एक गृहस्थ वाकून दुधी दाबून बघत होते. मामा त्यांच्या पाठीला म्हणाले, "डावीकडचा टाका आता खाजत नाही ना?" गृहस्थ दचकून वळले. आठ वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालेलं. ते भारावून गेले, हात जोडले, डोळ्यांत पाणी वगैरे. मामांनी त्यांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

पण मामांची खरी ख्याती होती ती एका प्रश्नासाठी. कोणाच्याही डोक्याला हात लावण्याआधी ते वाकून विचारत, "हात लावू का?" उत्तर येईपर्यंत थांबत. शुद्धीवर असलेल्याला विचारणं ठीक, पण मामा आयसीयूतल्या बेशुद्ध माणसालाही विचारत. कानाशी तोंड नेऊन, त्याच आवाजात, "हात लावू का?" आणि तिथंही थांबत. बाजूला व्हेंटिलेटर चालू, थिएटरमधून दोनदा फोन आलेला, आणि हे कोमट पाण्याचा मग हातात धरून उभे. मी नवीन होते. मला ही नाटकं वाटली. मी टोमणा मारला, "काय म्हणाले मग?"

"विचार करतायत," मामा म्हणाले.

पाणी कोमटच हवं, हा दुसरा हट्ट. गार पाणी डोक्यावर घातलेलं मामांना चालत नसे. "माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला अजून कशाला दचकवायचं?" कापलेले लांब केस ते खाली पडू देत नसत. वेणी घालून, कागदात गुंडाळून घरच्यांच्या हातात देत. घरच्यांना त्याचं काय करावं कळत नसे, पण नको कोणी म्हणत नसे.

मी कल्याणच्या एका जुन्या हॉस्पिटलातून तिथं रुजू झाले तेव्हा ठाण्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया तीन वर्षं आधीच सुरू झालेल्या. कल्याणला आम्ही मेंदूचं ऑपरेशन म्हणजे मेंदूचं ऑपरेशन करायचो. अख्खं डोकं साफ, कवटीचं झाकण काढायचं, सहा-सात तास, आणि नंतर कानापासून कानापर्यंत टाके. मी अशी वीस वर्षं काढली होती आणि त्याचा मला सोसवणार नाही इतका अभिमान होता. इथं डॉक्टर सबनीस, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते कवटीला एक छोटं भोक पाडून पेन्सिलीएवढी दुर्बीण आत घालत आणि टीव्हीच्या पडद्यावर बघून काम करत. मेंदूच्या भोवतीच्या पडद्यात काहींना पाण्याची पिशवी असते. बहुतेकांना तिचा काही त्रास नसतो, जन्मभर पत्ताही लागत नाही. काहींची मात्र मेंदूला दाबायला लागते. सर ती पिशवी काढत नसत. दुर्बिणीनं तिच्या भिंतीला खिडकी पाडत, म्हणजे अडकलेलं पाणी मेंदूच्या नेहमीच्या पाण्यात मिसळून आपल्या वाटेनं जाई.

मामांनी याचं भाषांतर बाळकुमच्या भाषेत करून ठेवलं होतं. पेशंटच्या घरच्यांना सांगत, "खाडीकाठच्या शेतात बांधाआड पाणी तुंबतं की नाही? म्हणून बांधाला एक दार ठेवतात. सर तेवढं दार करतात. बांध फोडत नाहीत." सरांनी हे ऐकलं आणि पुढे स्वतःही तसंच सांगायला लागले. मामांनी ते परत कधी सांगितलं नाही. म्हणाले, "आता ते सांगतात ना."

पहिल्या दुर्बिणीच्या वेळची गोष्ट मला जुन्या नर्सेसनी सांगितली. किती केस काढायचे ते सरांनी मार्करनं मामांच्याच तळहातावर गोल काढून दाखवलं होतं. माप विसरायला नको म्हणून मामा दुसऱ्या दिवसापर्यंत तो हात न धुता वावरले आणि डाव्या हातानं जेवले. ते पाहून सरांनी त्यांना थिएटरच्या दारात उभं राहून पडद्यावर बघायची परवानगी दिली. माणसाच्या डोक्याच्या आत काय असतं ते आयुष्यभर डोकी हाताळलेल्या माणसानं पहिल्यांदाच पाहिलं. पांढुरकी जाळी, लाल धाग्यांसारख्या शिरा, नितळ पाणी. बाहेर आल्यावर सगळ्यांनी गराडा घातला. काय दिसलं, मामा?

मामांनी जरा विचार केला. "आत केस नाहीत."

वॉर्डबॉय चिडवायचे की दुर्बीण आली, तुमचं काम गेलं. मामा चिडत नसत. "अख्खं डोकं कोणीपण भादरेल. एवढंसं भादरायला हात लागतो." आणि खरंच, त्यांची ती दोन बोटांएवढी जागा बघण्यासारखी असे. कानाच्या वर, केसांच्या आत, कडा रेखलेल्या. वरचे केस सोडले की माणूस होता तसा दिसे.

मला हे सगळं बघण्यासारखं आहे हे तेव्हा कळलं असतं तर लिहायला विषय उरला नसता.

मी रुजू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मृणाल आली. डोंबिवलीची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सहा महिने डोकं दुखत होतं, आईनं चष्म्याचा नंबर म्हणून दोन चष्मे बदलले, मग फळ्यावरची अक्षरं फिकट व्हायला लागली. तपासणीत डाव्या बाजूला पिशवी निघाली. दाब डोळ्यांच्या नसेपर्यंत पोचलेला. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती वाचवायची तर थांबून चालणार नाही. मुलगी रडली नाही. तिनं एकच विचारलं, "केस?" सरांनी दोन बोटं दाखवली. तिनं संमतीपत्रावर सही केली आणि सहीखाली पेननं लिहिलं: केस, फक्त दोन बोटं.

तो कागद मीच फाइलला लावला. वाचला नाही. इनचार्ज सिस्टर कागद वाचत नाही, लावते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मामा आले. ड्रेसिंगच्या खोलीत मृणाल स्टुलावर बसलेली. मी दारातून ऐकलं, "हात लावू का?" आणि तिचं "हं". अर्ध्या तासानं मी बघायला गेले तर कमरेपर्यंतचे केस जागच्या जागी, आणि कानाच्या वर एक टिकली. माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाला फार लागलं ते. मी मामांना पॅसेजमध्ये बोलावलं.

"हे काय? अर्धवट?"

"सिस्टर, सरांनी एवढंच सांगितलंय."

"सर आत्ता इथं आहेत का? इन्फेक्शन झालं तर उत्तर कोण देणार, तुम्ही? माझ्या वॉर्डातून अशी पेशंट थिएटरला जाणार नाही. सगळं साफ करा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला ओठ उघडले. मी म्हणाले, "मला शिकवू नका." आणि वळून फोन घ्यायला गेले, कारण माझ्यासारख्या महत्त्वाच्या बाईला कायम कोणाचा तरी फोन असे.

मामा परत आत गेले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं, पुष्कळ नंतर लक्षात आलं. मृणालनं विचारलं, "सगळे?" त्यांनी मान हलवली. तिला वाटलं, सरांनी बेत बदलला असेल. तिनं मान पुढे केली. वेणी घालून, कागदात गुंडाळून मामांनी तिच्या आईच्या हातात दिली.

बाराला सर राउंडला आले. दारातच थांबले.

"हे काय आहे? कोणी केलं हे? मी दोन बोटं म्हणालो होतो."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्यातून जे बाहेर पडलं ते असं: "सर, बीपी नॉर्मल आहे."

मामा हत्यारांचा डबा घेऊन पॅसेजमध्येच होते. ते दारात आले. "माझ्या हातून झालं, सर."

सर त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. हळू आवाजात बोलले, ते जास्त वाईट. पण पलंगावरून मृणाल म्हणाली, "म्हणजे गरज नव्हती?" आणि सर एकदम थांबले.

"नव्हती," सर म्हणाले. "चूक झाली. मी माफी मागतो."

"तुम्ही म्हणालात दोन बोटं केस. निघालं सगळं डोकं. आता म्हणताय एवढंसं भोक. ते केवढं निघेल?"

सरांनी चित्रं दाखवली, फोन काढून व्हिडिओ दाखवला. तिनं बघितलंही नाही. "मला नाही करायचं. माझी सही परत द्या." बाप म्हणाला, "अगं, डोळे जातील." ती म्हणाली, "माहितीये." आई ती कागदाची पुडी मांडीवर घेऊन रडत होती. एकोणीस वर्षांची मुलगी. तिच्या होकाराशिवाय कोणी तिला हात लावू शकत नव्हतं. सर जाताना म्हणाले, "आठवड्याभरात मन बदललं तर बरं. महिन्यानं बदलून उपयोग नाही."

मी औषधांचं कपाट लावत होते. ते आधीच लावलेलं होतं.

चार वाजता वॉर्डात एक बाई शिरल्या. पन्नाशीच्या, काळ्या-सावळ्या, झगझगीत फुलांचा झगा, गळ्यात क्रॉस, हाताला कांद्याचा वास. मागे मामा. मामा दाराच्या आत आले नाहीत. बाई मामांच्या बाळकुमच्या शेजारीण, अ‍ॅग्नेसबाय. गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. मामांनी त्यांना चुलीवरचा कालवणाचा टोप उतरवायला लावून रिक्षात घातलं होतं. अ‍ॅग्नेसबाय थेट मृणालच्या पलंगावर बसल्या, अंबाड्याचे काटे काढले, तेलानं चपचपलेले करडे केस मोकळे सोडले आणि तिच्या मांडीवर सरळ डोकं ठेवलं.

"सोद गो."

मृणाल बावरली. "काय?"

"माजं पन तुज्यासारकंच झालंय. हितंच, याच डाक्टरनी. दोन वरसं झाली. सोद, कुठं भोक हाय ते. गावलं तं मना पन दाखव, मी कदी बगलंच नाय."

मृणालनं आईकडे पाहिलं. मग एक बोट लावलं. मग दोन्ही हात. केस बाजूला करत, भांग पाडत, उवा बघतात तसं ती बघायला लागली. डाव्या बाजूला काही मिळालं नाही. उजव्या बाजूला पण नाही. वॉर्डातले बाकीचे पेशंट माना उंचावून बघायला लागले. पलीकडच्या म्हातारीनं सूचना केली, "मागं बघ, मागं." अ‍ॅग्नेसबाय अधूनमधून म्हणत, "सावकास. मना कायपन घाई नाय. कालवण तसंपन जलालंच असंल."

पुष्कळ वेळानं मृणालचं बोट डाव्या कानाच्या वर थांबलं. एक चणा बसेल एवढा खळगा आणि त्यावरून गेलेली नखाएवढी रेघ.

"हे?"

"मी कशी सांगू? माज्या डोल्याला दिसतंय व्हय तां?"

मृणाल हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग तिनं तो खळगा परत एकदा चाचपला, दाबून, आणि विचारलं, "दुखत नाही?"

"पावसात जरा कुरकुरतं. नवरा तं बारा म्हैने कुरकुरतो."

थोड्या वेळानं मृणाल मला म्हणाली, "सिस्टर, तो कागद आणा." मी कागद आणला. तिनं आपली सही होती तशीच ठेवली, आणि खालच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. दारात मामा उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो अधिकार तिचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. दोन तास. मला सरांनी थिएटरच्या दारातून पडदा बघू दिला. पिशवीची भिंत दिसली, ओल्या कागदासारखी. सरांनी तिला खिडकी पाडली आणि पलीकडची नितळ जागा दिसली. माझ्या वीस वर्षांत मेंदूचं ऑपरेशन इतकं शांत पाहिलं नव्हतं.

मृणालची डोकेदुखी गेली. नजर होती तिथं थांबली, आणि पुढच्या काही महिन्यांत थोडी परतही आली. केस सगळे परत आले. सरांनी मामांना महिनाभर वॉर्डात येऊ दिलं नाही. त्या महिन्यात दुसरा एक न्हावी येई, त्याचा हात जड, रोज कोणाच्या तरी डोक्यावर ओरखडा. मी त्याला रोज ओरडत असे, "राऊतमामांकडून शिका जरा!" हे मी मोठ्या आवाजात म्हणत असे, सरांना ऐकू जाईल असं. यापलीकडे माझी हिंमत गेली नाही. महिन्यानं मामा आले, कोमट पाणी मागितलं आणि कामाला लागले. मी त्यांना चहा पाठवला. ते प्यायले. आम्ही त्या विषयावर एक शब्दही बोललो नाही. मी मनात धरून चालले की राऊतमामा म्हणजे देवमाणूस, ज्यांनी एका मूर्ख बाईची चूक पोटात घातली. निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही, अगदी नातवंडांना गोष्ट सांगतानाही, मी त्यांचा फोटो मनात हार घालूनच लावलेला होता.

गेल्या वर्षी डोंबिवलीत एका हळदीकुंकवात एक बाई माझ्यापाशी आली. कमरेपर्यंत वेणी. शाळेत शिकवते म्हणाली. "सिस्टर, ओळखलंत? तुम्ही किती चांगल्या होतात हो. तो न्हावी मात्र..."

वाण माझ्या हातात तसंच राहिलं. मी तिला तिथंच, चार बायकांत, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललात?" मी म्हणाले, "घाबरले." तिनं मान हलवली आणि मामांचा पत्ता मागितला. माझ्याकडे नव्हता.

म्हणून तो शोधायला मी बाळकुमला गेले. आता तिथं सगळे टॉवर. दोन टॉवरच्या मधल्या बोळात मामांचं बैठं घर तसंच. मामा ऐंशीच्या घरातले. ओट्यावर ऊन खात, परातीत भिजलेले वाल सोलत बसलेले. हात अजून अजिबात थरथरत नव्हते. वालाचं साल अंगठ्यानं एका झटक्यात निघत होतं, डाळिंबी अख्खी परातीत. मी शेजारी बसले. चार वाल सोलायचा प्रयत्न केला, चारही मोडले. मग मी एका दमात सांगून टाकलं: मृणाल भेटली, मी तिला खरं सांगितलं, तुमच्यावरचा आळ गेला, इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी जे सोसलंत त्याबद्दल मी काय बोलू. सांगता सांगता मी पदर डोळ्यांना लावला. चांगलं जमलं होतं.

मामा सोलायचे थांबले. मोडलेले माझे वाल त्यांनी वेगळे काढले, आणि म्हणाले,

"सिस्टर, तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. ठाऊक असून ज्यानं वस्तरा चालवला, त्याची चूक. मी सरांना खरं तेच सांगितलं होतं. मी तुम्हाला वाचवलं, असं समजून बसला होतात होय एवढी वर्षं?"